अंपायरशी बोलायचं नाही

मुलिंगात डॉक्टर एकच. पोलीस एक, पब एक, शाळा एक आणि फुटबॉलचं मैदान एक. गहू साठवायच्या टाक्या मात्र सात, कारण आमच्याकडे माणसांच्या आधी गव्हाची सोय होते. त्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर मी बसते. माझं नाव ग्लेनिस. एकवीस वर्षं झाली, कोण कधी आत जाणार हे मी ठरवते. आता सगळं कॉम्प्युटरात गेलंय, तरी कोपराखाली माझी कागदी वही असतेच. वीज गेली की कॉम्प्युटर मान टाकतो, वही टाकत नाही.

आमच्याकडे डॉक्टर टिकत नाहीत. एक आला, त्याला माश्या सोसल्या नाहीत. दुसरा आला, त्याच्या बायकोला आम्ही सोसलो नाही. मग सहा वर्षांपूर्वी फेरियाल हबीब आल्या. मूळच्या कैरोच्या, वय अडतीस, एकट्या, बोलायला मऊ. गावाने पहिल्या आठवड्यात त्यांचं नाव दहा प्रकारे मोडलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून 'डॉक' म्हणून मोकळं झालं. मी एकटी त्यांना डॉक्टरबाई म्हणते. दुपारी एक वाजला की त्या डब्यातली घेवड्याची उसळ गरम करायच्या, वर जिरं आणि लिंबू, आणि वास थेट माझ्या टेबलापर्यंत यायचा. गुणगुणायच्यासुद्धा. अरबी असावं, मला काय कळतंय, पण ऐकत राहावंसं वाटायचं.

आता कॉलिनचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कॉलिन माझा नवरा. मेंढ्यांची लोकर कातरण्यात आयुष्य गेलं आणि शनिवार फुटबॉलच्या मैदानावर. खेळायला नव्हे, तो क्लबचा गोल अंपायर होता, गोल झाला की नाही हे ठरवणारा. बावीस वर्षं पांढरा लांब डगला आणि पांढरी टोपी घालून दोन उंच खांबांमध्ये उभा. चेंडू उंच खांबांमधून गेला की सहा गुण, दोन झेंडे हलवायचे. खांबाला नुसता चाटून गेला तरी एकच गुण, एकच झेंडा. आणि खेळ चालू असताना अंपायरशी कुणी अक्षर बोलायचं नाही, हा आमच्या लीगचा कडक नियम. बोललात तर क्लबवर लेखी तक्रार. आमची माणसं पाद्र्याला मध्येच तोडतील, पण गोल अंपायरला तोडायची नाहीत.

डॉक्टरबाई येऊन दोन महिने झाले असतील. एका दुपारी मी कॉलिनला दवाखान्यात ओढत आणलं. म्हणत होता, "दाढ दुखतेय गं, उगाच नाटकं करू नकोस." डॉक्टरबाई नुकत्या जेवायला बसल्या होत्या. वहीत जागा नव्हती. मी दार ठोठावलं आणि म्हटलं, "दोनच मिनिटं बघता का?" त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चमचा तसाच टाकून उठल्या. दाढ नव्हती, हृदय होतं. चाळीस मिनिटं त्या त्याला सोडून हलल्या नाहीत. मग रुग्णांना नेणारं विमान आलं, शहरात ऑपरेशन झालं, आणि आज कॉलिन माझ्या स्वयंपाकघरात बसून बिस्किटं कमी का आणली म्हणून माझ्याशी भांडतो. रोज भांडू दे. मी रोज देवाचे आणि त्या बाईचे आभार मानते.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, माझ्या टेबलावरून कुणालाही 'जागा नाही' म्हणून परत पाठवायचं नाही. उद्या ज्याला परत पाठवेन तो दुसरा कॉलिन निघाला तर? मी एकाला जेवणाच्या तासात घुसवलं, मग दोघांना. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि ही भीक मी दुसऱ्याच्या ताटातून वाढत होते. तेव्हा मला तसं वाटलं नाही. मला वाटायचं, मी पुण्य करतेय.

गावाचाही जीव होता त्यांच्यावर. नको तितका! कुणी केक आणायचं, कुणी कोकराचं मटण, कुणी अंडी. फक्त केक देऊन माणूस गप्प घरी जायचा नाही. "डॉक, हा घ्या लिंबाचा केक, आणि आलोच आहे तर हा तीळ बघता का?" दुकानात दुधाच्या बाटल्यांसमोर लोक शर्ट वर करायचे. मर्व्ह टोलनर म्हणून आमचा एक बेरकी म्हातारा आहे. त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख आत वाढतं. ते नख त्याने डॉक्टरबाईंना पोस्टात दाखवलं, पेट्रोलपंपावर दाखवलं, आणि एकदा चर्चच्या दारात, तेही अंत्यविधीला.

अशी चार वर्षं गेली, आणि मे महिन्यात उसळीचा वास बंद झाला. माझ्या लक्षात आलं, पण मी म्हटलं कामाची गडबड असेल. मग गुणगुणणं थांबलं. मग एकदा त्यांनी मर्व्हला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमच्या अंगठ्याशिवाय जगात काही नाही का?" मर्व्ह म्हणाला, "आहे की, दुसरा अंगठा." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत, आत जाऊन दार लावून घेतलं.

जुलै म्हणजे आमचा हिवाळा, सकाळी गवतावर पांढरं दव गोठतं. त्यांची गाडी आठला दवाखान्याच्या अंगणात यायची, पण त्या आत यायच्या साडेआठला. मला वाटायचं गाडीत रेडिओवर बातम्या ऐकत असतील. एका सकाळी थंडी फार होती म्हणून मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले आणि काचेवर टकटक केलं. रेडिओ बंद होता. दोन्ही हात स्टीअरिंगवर, आणि नजर समोरच्या भिंतीवर. त्यांनी काच खाली केली.

"ग्लेनिसबाई," त्या म्हणाल्या, "दार उघडायला हात उठत नाही."

"संधिवात का? थंडीने होतं."

"हात ठीक आहे. उठत नाही." मग म्हणाल्या, "काल हेझलबाई नवऱ्याचं सांगताना रडत होत्या, आणि मी घड्याळ बघत होते. मला काहीसुद्धा वाटलं नाही. मी अशी नव्हते हो. अशा बाईने डॉक्टर राहू नये."

बाजूच्या सीटवर एक पाकीट होतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. राजीनामा होता. डाक मीच पाठवते ना, म्हणून माझ्याकडे.

मला राग आला. हो, राग! आमच्या गावाने इतका जीव लावला आणि ही बाई निघाली, असं क्षणभर वाटलं. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि राग होता तिथेच विरून गेला. सत्तर वर्षांच्या बाईचा चेहरा होता तो.

"सोमवारपर्यंत थांबते पाठवायला," मी म्हटलं. "चालेल?"

"चालेल," त्या म्हणाल्या. चहाला हातही लावला नाही.

संध्याकाळी घरी आले आणि कॉलिनसमोर तोंड सोडलं. मर्व्हला शिव्या दिल्या, दवाखाने चालवणाऱ्या सरकारी कचेरीला दिल्या, केक करणाऱ्या बायकांना दिल्या. कॉलिन बटाटे सोलत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "आज जेवणाच्या तासात किती जण घुसवलेस?"

"त्याचा काय संबंध?"

"सांग ना. वही तुझ्याच पिशवीत असते."

मी वही काढली. एक ते दोनच्या समोर माझ्या बारीक अक्षरात सहा नावं होती. आदल्या दिवशी पाच. मागे चाळत गेले. मे, एप्रिल, मार्च. एकही दुपार कोरी नव्हती. शेवटची कोरी दुपार आदल्या वर्षीच्या नाताळातली होती, ती दवाखाना बंद होता म्हणून.

"कॉलिन," मी म्हटलं, "मीच खाल्लं रे तिला."

"एकटीने नाही. पहिला घास माझ्यासाठी होता," तो म्हणाला. आणि बटाटे सोलत राहिला, आठवड्याचे सगळे.

गुरुवारी पोरांचा सराव झाला की क्लबात सगळं गाव एकत्र जेवतं. मी सूप वाढण्याआधीच टेबलावर चमचा आपटला. पाकिटाचं अवाक्षर काढलं नाही, ते माझं नव्हतं. एवढंच म्हटलं, "डॉक्टरबाई दमल्यात. साधं दमणं नाही, आतून कोरड पडलीय. आणि पहिली चूक माझी. मी त्यांचं जेवण चार वर्षं तुम्हाला वाटलं."

"आम्ही काय कमी करतो का?" बेकरीवाली नोएलीन फणकारली. "दर मंगळवारी माझा केक असतो!"

"केक असतो आणि केकबरोबर तुझा गुडघा असतो," कॉलिन म्हणाला.

सगळे हसले, नोएलीनसुद्धा, पण जरा उशिरा. मग कॉलिन उठला. ऑपरेशननंतर तो सभेत उठत नाही, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. म्हणाला, "माझ्यानंतर शाळेचे मास्तर उभे राहायचे, ते बदलून गेल्यापासून क्लबाला गोल अंपायर नाही. या शनिवारी डॅरावेलशी सामना आहे. मी म्हणतो, डॉकला उभं करू."

"तिला खेळ कळतो का?" मर्व्ह ओरडला.

"तुला तरी कुठे कळतो? तिला नियम एका संध्याकाळी शिकवतो. पण तुम्ही तुमचा नियम पाळायचा. डगला अंगात आहे तोवर ती अंपायर. अंपायरशी बोलायचं नाही. कुणी पोरगं पडलं तर ॲम्ब्युलन्सवाले आपलेच आहेत. खरोखर जिवावरचं असेल तर तिचा डगला ग्लेनिस काढेल. दुसऱ्या कुणी बटणाला हात लावायचा नाही."

कुणी नाही म्हणालं नाही.

शुक्रवारी सकाळी मी वही डॉक्टरबाईंसमोर उघडून ठेवली. एक ते दोन, सगळी पानं दाखवली. माफी मागायची मला सवय नाही. तरी मागितली.

त्या पानं उलटत राहिल्या. "पण त्यात एखादा कॉलिन असेल तर?"

"कॉलिनसाठी मी दार फोडेन. मर्व्हच्या नखासाठी नाही. फरक आपल्या नर्सला कळतो आणि एकोणीस वर्षांनी मलाही कळायला हवा. इतके दिवस मी नाही म्हणायला घाबरले आणि भार तुमच्यावर टाकला." मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगं पोरी, तुझी तब्येत कोण बघतं?"

त्यांनी वही मिटली. चार वर्षांत आमच्या डॉक्टरला डॉक्टर नव्हता. स्वतःच्या रक्तदाबाची गोळी स्वतःच लिहून घ्यायच्या. मी तिथल्या तिथे जिल्ह्याच्या गावातल्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या टेबलावरची बाई माझ्यासारखीच निघाली. म्हणाली, "तीन आठवडे जागा नाही, पण डॉक्टरच आहेत म्हणता तर बुधवारी जेवणाच्या वेळात घुसवते."

"नको," मी म्हटलं. "खबरदार! त्यांना जेवू दे. नीट जागा होईल तेव्हाची द्या." फोन ठेवला तर डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! निदान काही वाटत तरी होतं बाईला.

डगल्याचं ऐकून मात्र त्या उडाल्याच. "मी? मला चेंडू गोल असतो एवढंच माहीत होतं, तुमचा तर तोही लांबट."

"दोन तास तुमच्याशी कुणी बोलणार नाही," मी म्हटलं.

"कुणीच?"

"कुणीच."

"मर्व्ह?"

"मर्व्हसुद्धा."

"येते," त्या म्हणाल्या.

शनिवारी ऊन होतं आणि वारा बोचरा. आमच्याकडे लोक मैदानाभोवती गाड्या लावून आतून सामना बघतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. कॉलिनचा डगला डॉक्टरबाईंच्या घोट्यापर्यंत आला. बाह्या मी दुमडून दिल्या. दवाखान्यात त्या कधी पांढरा कोट घालत नाहीत. इथे खांबांमध्ये उभ्या राहिल्या तेव्हा मला कसंतरीच झालं. पहिल्या गोलला त्यांनी झेंडे असे हलवले की जणू ओट्यावरच्या माश्या हाकलताहेत. कॉलिनने गाडीतच कपाळावर हात मारला.

उत्तरार्धात मर्व्ह लंगडत लंगडत गोलच्या मागे गेला. खरंच गेला! "अहो डॉक," त्याने सुरुवात केली, "तो अंगठा..."

"अंपायरशी बोलायचं नाही!" नोएलीन ओरडली. तिच्यामागून अख्ख्या मैदानाने ओरडायला सुरुवात केली. डॅरावेलची माणसंसुद्धा, त्यांना अंगठा काय माहीत, पण नियम माहीत. शंभर गाड्यांचे हॉर्न वाजले. मर्व्ह टोपी सावरत असा पळाला की नखाचं दुखणं कुणाला खरं वाटलं नसतं. डॉक्टरबाई ताठ उभ्या होत्या, नजर समोर. पण ओठाचा एक कोपरा हलताना मी दुर्बिणीतून पाहिला.

शेवटचं मिनिट. आम्ही चार गुणांनी मागे. नोएलीनच्या थोरल्या पोराने लांबून लाथ मारली, चेंडू उंच खांबाच्या अगदी कडेने आत गेला. गोल! हॉर्न सुरू झाले, लोक गाड्यांच्या टपावर चढले. मग सगळ्यांनी खांबांकडे पाहिलं.

डॉक्टरबाईंनी खांबावर हात मारून दाखवला, चेंडू चाटून गेला. आणि एकच बोट वर केलं. एकच झेंडा. आम्ही तीन गुणांनी हरलो.

अरे, काय हुर्यो उडवली गावाने! चार वर्षं जिला केक दिले तिला शिट्ट्या, शिव्या, "चष्मा लाव!" आणि हॉर्न तर असे की बाजूच्या रानातल्या मेंढ्या कुंपणाला जाऊन भिडल्या. म्हटलं, संपलं. हीच एक कसर राहिली होती. हात दाखवून अवलक्षण! सोमवार कशाला, बाई आज रात्रीच सामान बांधणार.

मी धावत गोलकडे गेले. डॉक्टरबाई खांबाला टेकून वाकल्या होत्या, खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. जवळ जाऊन पाहते तर हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ग्लेनिसबाई," धाप लागली होती त्यांना, "मी निर्णय दिला. सगळ्या गावाच्या विरुद्ध दिला. आणि कुणी मेलं नाही!" पुन्हा हसायला लागल्या. "कुणीच मेलं नाही हो!"

तेव्हा मला कळलं की ही बाई रोज सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा काय उचलत होती. दर पंधरा मिनिटांनी एक निर्णय, आणि प्रत्येकात कुणाचा तरी कॉलिन. मी तिला मिठी मारली. आमच्याकडे असं कुणी उघड्यावर करत नाही, पण मारली.

कॉलिन काठी टेकत आला. "चाटून गेला?" त्याने विचारलं.

"टक्‌ असा आवाज आला," त्या म्हणाल्या.

"हं." कॉलिनने मैदानाकडे पाहिलं. "बावीस वर्षांचा माझा अनुभव सांगतो. मी असतो ना, तर गोल दिला असता. डगला तूच ठेव."

सोमवारी आठ वाजता गाडी अंगणात आली. मी खिडकीतून बघत होते. दार लगेच उघडलं असं नाही. चार-पाच मिनिटं लागली, खोटं कशाला सांगू. पण उघडलं. त्या आत आल्या तेव्हा पाकीट मी टेबलावर काढून ठेवलं होतं.

"पाठवू का?"

त्यांनी पाकीट उचललं, उलटंपालटं केलं आणि माझ्याच खणात ठेवलं. "आज नको," म्हणाल्या.

दुपारी एक वाजता जिऱ्याचा वास आला. वहीत एक ते दोनच्या समोर मी मोठ्या अक्षरात 'फेरियाल' लिहिलं होतं, पेनाने, पेन्सिलने नाही. तीन जण आले. तिघांना मी नाही म्हटलं. पहिल्याला म्हणताना मी वहीकडेच बघत होते. नर्सने तिघांना बघितलं, एकालाही तातडीचं नव्हतं, आणि तिघंही मंगळवारी जिवंत परत आले.

दोनच्या ठोक्याला पहिला नंबर मर्व्हचा. या वेळी रीतसर लावलेला. दारातून आत शिरताशिरताच त्याने तोंड उघडलं, "तो गोल होता, डॉक. आंधळ्यालाही दिसला असता."

"अंपायरशी वाद घालायचा नाही," आतून आवाज आला. "बूट काढा."

याला दोन वर्षं झाली. बुधवारी महिन्यातून एकदा त्या स्वतःच्या डॉक्टरकडे जातात, जेवणाची वेळ सोडून. हिवाळ्यात शनिवारी डगला घालतात आणि गाव त्यांना मनसोक्त शिव्या देतं. मध्येमध्ये एखादी सकाळ अजून अशी येते की गाडीचं दार उघडायला वेळ लागतो. मग मी चहा घेऊन जाते, शेजारच्या सीटवर बसते आणि पाकिटाचं विचारते. पाकीट अजून माझ्या खणात आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

"आज नको," त्या म्हणतात, आणि चहा पितात. मी मनातल्या मनात हात जोडते आणि आत येऊन दिवे लावते.